'नका' उशिरा येतं: समूह-व्यायामाच्या वर्गातल्या सूचनांवर सात आठवड्यांच्या नोंदी

सोमवार, २ जून २०२५

आजपासून ही वही. काम एकच: वर्गात मी जे बोलते ते सुधारायचं. व्यायाम बदलायचे नाहीत, गाणी बदलायची नाहीत, फक्त बोलणं.

बॅच सकाळी सव्वासहाची, सोमवार-बुधवार-शुक्रवार, नाशिकमधल्या एका सोसायटीचा हॉल. बावीस जणी. सगळ्यात धाकटी अडतीस वर्षांची, थोरल्या काकू एकाहत्तरच्या. आधी वीस मिनिटं लो-इम्पॅक्ट, म्हणजे उड्यांशिवायचं एरोबिक्स, मग पंधरा मिनिटं हलके डंबेल्स, शेवटी चटईवरचे प्रकार.

हे काम हाती घ्यायला एक वाक्य कारणीभूत झालं. परवा शुक्रवारी वर्ग संपल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एक ताई म्हणाल्या, "मी तुमच्याकडे बघून करते हो, ऐकून काही कळत नाही." तक्रार नव्हती ती, सहज सांगत होत्या. पण मला ते दोन दिवस पुरलं. उभं असताना बघून भागतं. चटईवर पालथं पडल्यावर बघणार कुठे? तिथे माझा आवाज सोडून त्यांच्याकडे काहीच नसतं.

फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पूर्ण पन्नास मिनिटं रेकॉर्ड केली.

बुधवार, ४ जून

रेकॉर्डिंगमधली फक्त चार मिनिटं शब्दन् शब्द उतरवून काढली. लंजचा भाग, म्हणजे एक पाय मागे घेऊन गुडघे वाकवायचा प्रकार. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा:

"हां, आता आपण काय करणार आहोत, तर उजवा पाय जो आहे तो आपल्याला मागे घ्यायचा आहे, ठीक आहे? आणि मग गुडघा वाकवायचा आहे, छान, गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाहीये, कंबर सरळ ठेवायची, व्हेरी गुड, श्वास घ्यायचा…"

एवढं बोलून होईपर्यंत वर्गाचे तीन लंज झाले होते. म्हणजे पहिल्या लंजची सूचना तिसऱ्या लंजला पोचत होती.

'जो आहे तो' पूर्ण काढून टाकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. 'आता आपण काय करणार आहोत' याचंही तेच. 'घ्यायचा आहे'मुळे बोलणं मऊ होतं, हुकूम सोडल्यासारखं वाटत नाही, म्हणून आपण सगळेच तसं बोलतो. योगवर्गात तर हीच भाषा चालते: श्वास घ्यायचा, श्वास सोडायचा. संथ आसनात ते शोभतं, कारण तिथे वेळ असतो. ठेक्यावर चालणाऱ्या वर्गात 'घ्यायचा आहे' आणि 'घ्या' यांत एका पावलाचा फरक पडतो. 'घ्या'मध्ये आदर पुरेसा आहे. बाकीचा मऊपणा आवाजात आणता येईल.

'छान' चार मिनिटांत एकोणीस वेळा म्हटलंय. कुणाला म्हटलं, काय छान होतं, हे रेकॉर्डिंग ऐकून मलाही सांगता येत नाही.

शुक्रवार, ६ जून

आजची नोंद लांबणार, कारण या कामाचं मूळ आज हाती लागलं.

बॅचमधल्या एक काकू निवृत्त पीटी शिक्षिका आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं आयुष्य गेलं त्यांचं. त्यांना वही दाखवली. चष्मा लावून त्यांनी तो लंजचा तुकडा वाचला आणि बोट नेमकं एका जागी ठेवलं. "अगं, तू 'नाहीये' म्हणेपर्यंत आमचा गुडघा पुढे जाऊन आलेला असतो."

घरी येऊन त्यावरच विचार करत बसले. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. 'खांदे वर घेऊ नका' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात आधी 'खांदे', मग 'वर', मग 'घेऊ' असं शिरतं. तीन शब्दांत खांदे वर घेण्याची सूचना पूर्ण झाली. 'नका' येतं तेव्हा खांदे कानांना टेकलेले असतात. खुर्चीत बसून ऐकणारा माणूस वाक्य संपायची वाट बघतो, हलणारं शरीर बघत नाही. त्याला पहिला शब्द मिळाला की ते निघतं.

मग सगळे 'नका' गोळा केले आणि एकेकाला उलटवत गेले. 'खांदे वर घेऊ नका' याचं झालं 'मान लांब'. 'श्वास रोखू नका' म्हणण्याऐवजी 'उठताना फू'. 'मान वर करू नका' होतं तिथे 'नजर चटईवर'. 'पाठ वाकवू नका' होतं तिथे 'छाती समोर'. 'घाई करू नका' फार वेळा म्हणत होते, त्याचं केलं 'माझ्या आकड्यावर'.

गुडघ्याची सूचना मात्र उलटवली नाही, टाकूनच दिली. 'गुडघा बोटांच्या पुढे नको' हे आम्हा सगळ्यांना शिकवलं गेलं होतं, मीही कधी उलट विचारलं नाही. २००३ मध्ये एक प्रयोग झाला होता. स्क्वॉट करताना पायांसमोर फळी लावून गुडघे पुढे जाण्यापासून अडवले. गुडघ्यावरचा ताण थोडा घटला, पण माणसं कमरेतून जास्त पुढे झुकली आणि खुब्यावरचा ताण कित्येक पटींनी वाढला. गुडघा किती पुढे जाणार हे मांडीच्या हाडाच्या लांबीवर, घोट्याच्या लवचिकतेवर ठरतं. उंच ताईंचा गुडघा पुढे जाणारच. तिथे बघायची गोष्ट वेगळी आहे, टाच जमिनीवर आहे की उचलली. म्हणून आता फक्त 'टाच दाबा'. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना कमी खाली जायला वेगळं सांगते.

एक नकार ठेवला आहे: 'थांबा'. तोही व्याकरणानं नकार नाहीच. यापुढे हा शब्द फक्त धोक्यासाठी राखून ठेवायचा. आतापर्यंत समजावताना मी सारखी 'थांबा थांबा, बघा' म्हणत होते. उद्या खरंच कुणी डंबेल निसटून पडेल अशा जागी असेल, तेव्हा त्या शब्दाला वजन उरायला हवं.

बुधवार, ११ जून

काल वटपौर्णिमा. निम्म्या जणींचा उपास झालेला, तेव्हा वेग उतरवला. दमणूक मोजायला 'दहापैकी किती?' असं विचारण्याची पद्धत आहे, पण आमच्याकडे सगळ्या 'सहा' म्हणतात, पहिली सहा म्हणाली म्हणून. आज चालता चालता विचारलं, "डब्याला काय आज?" ज्यांनी 'कोबीची भाजी, पोळ्या आणि काल उरलेल्या आंब्याचा रस' एका दमात सांगितलं त्यांना अजून वाव आहे. 'को…बी' म्हणणाऱ्यांना जागेवर मार्च. ज्यांच्या तोंडून शब्दच आला नाही अशा दोघी, त्यांच्याजवळ जाऊन वेग कमी करायला लावला. बोलता येतंय का यावरून जोर ओळखायची रीत जुनीच आहे आणि आकड्यापेक्षा इथे जास्त खरी उतरते.

सोमवार, १६ जून

आज वेळेचा हिशोब.

आमची गाणी मिनिटाला १२० ठोक्यांची. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, आठ ठोके चार सेकंद. एरोबिक्ससाठी बांधलेलं संगीत बत्तीस-बत्तीस ठोक्यांच्या तुकड्यांत असतं, म्हणजे सोळा सेकंदांचा एक तुकडा. नवी हालचाल तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर सुरू झाली की अंगाला बरं वाटतं, संगीतच ढकलतं. म्हणजे सूचना त्याआधीच्या शेवटच्या चार ठोक्यांत बसायला हवी. चार ठोके, दोन सेकंद. मी आजवर पहिल्या ठोक्यावर सूचना *सुरू* करत होते.

पीटीच्या काकूंनी आज हॉलमध्ये कवायतीचा हुकूम करून दाखवला. "दाहिने… मुड!" पहिला शब्द लांबवलेला, मग श्वासभर जागा, मग 'मुड' काडकन. म्हणाल्या, "हुकमाला दोन भाग असतात. पहिला सावध करतो, दुसरा हलवतो. मधली जागा खाल्लीस तर रांग फाटते." त्यांच्या शाळेत आणि एनसीसीत हीच पद्धत. 'थम' तर ठरावीक पाय जमिनीला टेकतानाच द्यायचा असतो, नाहीतर पोरं पुढच्या पावलावर धडकतात.

मग लक्षात आलं, 'नका'च्या वेळी नडलेली मराठीची तीच ठेवण इथे कामाला येते. 'उजवा पाय… मागे!' अवयव आधी, दिशा शेवटी. पहिल्या दोन शब्दांनी कान आणि पाय सावध होतात, 'मागे'वर पाऊल पडतं. क्रियापदाची गरजच नाही, दिशेचा शब्दच हुकूम होतो.

आकडे उलटे मोजायचे, आणि शेवटच्या आकड्याच्या जागी हालचालीचं नाव: 'चार, तीन, दोन, गुडघे.' पुढच्या ठोक्याला बावीस गुडघे वर. हे म्हणजे साऱ्यांचं एकदम जमलं असं नाही, चौथ्या खेपेला जमलं. पण जमलं तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

शुक्रवार, २० जून

ग्रेपवाइनमध्ये, म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकत बाजूला जाताना, दोघींची कोपरं आपटली. लागलं नाही, पण चूक माझी. मी वर्गाकडे तोंड करून उभी असते, म्हणजे त्यांना उजवीकडे न्यायचं तर मी 'उजवीकडे' म्हणत स्वतः डावीकडे जायचं, आरशासारखं. ताजी असताना जमतं. दमल्यावर आज तोंड एक बोललं आणि पाय दुसरीकडे गेले. निम्म्या जणींनी कानाचं ऐकलं, निम्म्यांनी डोळ्यांचं.

उपाय हॉलमध्येच होता. एका भिंतीला खिडक्या, समोरच्या भिंतीला दार. आता बाजूला जाण्यासाठी 'उजवी-डावी' बंद: 'खिडकी' आणि 'दार'. दोन्ही शब्द छोटे, आवाज वेगळे, आणि माझं तोंड कुठेही असलं तरी खिडकी जागची हलत नाही. 'चार, तीन, खिडकी, ग्रेपवाइन.' उजवा-डावा फक्त हातापायांपुरता ठेवला.

सोमवार, २३ जून

शब्दांची यादी तपासली. अडचणीचे दोन शब्द: 'पाय' आणि 'कंबर'.

'पाय' म्हणजे मांडीच्या सांध्यापासून अंगठ्यापर्यंत सगळं. 'पाय सरळ' म्हटलं की काही जणी गुडघा ताठ करतात, काही पाऊल समोर वळवतात. मराठीत नेमके शब्द आहेत आणि सगळ्यांना येतात: पाऊल, टाच, चवडा, घोटा, पोटरी, मांडी. वापरायचा आळस माझा होता.

'कंबर' जास्त अवघड. दुखते तीही कंबर, पट्टा बांधतो तीही कंबर, हात ठेवतो तीही कंबर. डेडलिफ्टमध्ये, म्हणजे वजन धरून पाठ सपाट ठेवत पुढे वाकताना, 'कंबर मागे' म्हटल्यावर पाच जणींनी पाठीला बाक दिला, कारण त्यांच्या लेखी कंबर म्हणजे पाठीचा खालचा भाग. 'खुबा' हा शब्द काकूंना माहीत आहे, पण तो कुणीतरी पडून हाड मोडल्यावर ऐकलेला. वर्गात तो उच्चारला की चेहरे गंभीर होतात.

म्हणून अवयवाचं नावच सोडलं. "दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, मागचं दार बुडानं लोटा." बावीसच्या बावीस जणी सांध्यातून बरोबर वाकल्या, पाठी सपाट. मी बघतच राहिले.

याला अभ्यासाचा आधार आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या हालचाली शिकवणाऱ्या यंत्रावर प्रयोग केला. एका गटाला पायाच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला पायाखालच्या फळीच्या चाकांवर पडणाऱ्या जोराकडे. चाकांकडे लक्ष देणारे चांगलं शिकले. अंतर कितीसं, पाय आणि चाक यांच्यामधलं! तरी फरक पडला. अंगाकडे बघायला लावलं की माणूस हालचालीत ढवळाढवळ करतो, बाहेरच्या कामाकडे लावलं की अंग आपलं आपण जुळवून घेतं.

मग 'मांडीचे स्नायू आवळा' ऐवजी 'जमीन खाली ढकला'. 'दंड आवळा' ऐवजी 'बादली विहिरीतून वर'. इथल्या थोरल्या काकूंनी खरोखर विहिरीतून बादल्या ओढल्या आहेत. त्यांच्या खांद्यांना ती ओढ माहीत आहे, मला नव्यानं शिकवायची गरज नाही. अडतीस वर्षांच्या ताईंसाठी 'रोलिंग शटर खाली' जास्त चाललं. कोणाच्या अंगात कुठलं काम मुरलंय ते विचारून घ्यायला हवं.

शुक्रवार, २७ जून

घसा बसला. हॉलला वर पत्रा आहे आणि बाहेर धो धो. पावसावर मात करायला गाणं वाढवलं, गाण्यावर मात करायला माईक, आणि माईक असूनही ओरडत होते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच मांडलंय. ठरवून टाळू म्हटलं तरी टळत नाही. तेव्हा आवाज आवरण्यापेक्षा गोंगाट आवरावा.

फोनवरच्या ॲपनं स्पीकरपाशी ९० डेसिबलच्या वर दाखवलं. ॲप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेनं सांगितलेली मर्यादा आठ तासांना ८५ आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. माझ्या दिवसाला तीन बॅचेस. सोमवारपासून गाणं इतकंच, की नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात शेवटच्या रांगेला ऐकू जाईल. कुजबुजणं आणि सारखं खाकरणं बंद, दोन्हीनं घसा जास्त बिघडतो. पाण्याची बाटली हाताशी.

बुधवार, २ जुलै

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी लाईट गेली. गाणं बंद, माईक बंद, पंखे बंद. एरवी मी वर्ग थांबवला असता. आज टाळ्यांवर चालू ठेवला.

आणि पावलं ऐकू आली. महिनाभर शब्द मोजतेय, पण पावलांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, गाण्याखाली गाडला जायचा. सूचना वेळेवर पडली की बावीस पावलांचा एकच 'धप्'. अर्ध्या ठोक्यानं उशीर झाला की पोतं फाटून बटाटे सांडावेत तसा आवाज. कुणाला विचारायला नको, चेहरे बघायला नको. एकदा 'चार, तीन, दार' म्हणून मी नाव द्यायला चुकले, तर पावलं विखुरली आणि दोन ठोक्यांत आपोआप जागेवर मार्च करत जमा झाली. संभ्रम पडला तर मार्च, हे मी कधी शिकवलं नव्हतं, त्यांनीच धरलं. आता ते शिकवणार आहे.

लाईट सात वाजता आली. स्पीकर लावू का विचारलं तर नको म्हणाल्या.

यापुढे दर बुधवारी पाच मिनिटं गाण्याशिवाय. तपासणीचं साधन मिळालं.

सोमवार, ७ जुलै

काल आषाढी, आज निम्मा वर्ग. कमी माणसांत गप्प राहण्याचा सराव केला. एक सूचना, मग सोळा ठोके तोंड मिटून. ऐकलेलं अंगात उतरायला तेवढा वेळ लागतोच. फार कठीण गेलं, आठव्या ठोक्याला 'छान' ओठांवर येतं. 'छान' आता जे छान आहे त्याच्यासह म्हणायचं: "टाचा सगळ्यांच्या खाली, छान."

आज एक गोष्ट कळली, ती लिहायलाच हवी. एप्रिलमध्ये एक ताई यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, मुलाची परीक्षा. आज त्यांच्या शेजारीण म्हणाल्या, "तुम्ही माईकवरून त्यांचं नाव घेऊन 'पोट आत' म्हणालात ना." मला आठवतही नाही. त्यांना तीन महिने आठवतंय. सूचना शब्दांनी बरोबर होती आणि वेळेवरही असेल. पण बावीस जणींसमोर एकीचं पोट लाऊडस्पीकरवर आलं. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. येतील की नाही माहीत नाही, चहा मात्र दिला.

आजपासून: माईकवर फक्त सगळ्यांसाठीची सूचना. एकीसाठीची असेल तर माईक बंद, जवळ जाऊन, हळू. "काकू, टाच." आधी नातं, मग एक शब्द. पोट, मांड्या, वजन यांची नावं वर्गात दुरुस्तीसाठी घ्यायची नाहीत.

शुक्रवार, ११ जुलै

थोरल्या काकू श्रवणयंत्र लावतात. गाणं आणि आवाज यंत्रात एकत्र होऊन गलका होतो, म्हणून त्या व्यायामाला येताना काढून ठेवतात. म्हणजे माझा सगळा खटाटोप त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. झुंबा शिकवणारे फारसं बोलत नाहीत. कोलंबियातल्या काली शहरात बेतो पेरेस यांनी सुरू केलेला हा नाचाचा व्यायाम, तो बहुतेक हातांच्या खुणांवरच चालतो. त्यातलं उचललं: बोटांनी उलटे आकडे, पूर्ण हातानं दिशा, डोक्यावर थाप म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. खूण शब्दाच्या किंचित आधी, छातीच्या वर, थांबवून धरलेली. काकूंना पहिल्या रांगेत दाराकडच्या टोकाला जागा दिली. फायदा सगळ्यांनाच झाला. माझाही: हात वर असला की तोंड आपोआप कमी चालतं.

शुक्रवार, १८ जुलै

पुन्हा लंजची चार मिनिटं रेकॉर्ड केली. तोच तुकडा आज असा: "चार, तीन, उजवा पाय, मागे." मग शांतता. "टाच दाबा." शांतता. "उठताना फू." एवढंच. पावलं एका आवाजात, शेवटच्या तीन-चार सोडून, तेव्हा मांड्या थकल्या होत्या.

चटईवर अजून एक जागा अडून होती. हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा प्रकार. 'कंबर स्थिर' चालत नाही, कारण तेच 'कंबर'. 'पोट आत' आता म्हणायचं नाही. 'पाठ सपाट' म्हटलं की श्वास धरतात. तीन आठवडे शब्द शोधत होते. आज वर्गालाच विचारलं.

पीटीच्या काकू चटईवरूनच म्हणाल्या, "पाठीवर तांब्या ठेव की." मागून कुणीतरी, "भरलेला!"

"पाठीवर भरलेला तांब्या. डावा पाय… मागे." बावीस पाय इतके सावकाश मागे गेले की चटईचा आवाजसुद्धा आला नाही. दाराजवळ एप्रिलपासून न आलेल्या ताई चपला काढत उभ्या होत्या. मी माईक बंद केला आणि त्यांच्यासाठी चटई अंथरायला गेले.